लोहवीराचा उजवा हात

सकाळी साडेनऊला, फिजिओथेरपीच्या लांबट खोलीत, जोतिराम लोहारचा उजवा हात खांद्याच्या वर गेला. अर्धांगवायूचा झटका येऊन दहा आठवडे झाले होते. एरवी त्या दहा आठवड्यांत हा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर आणि उशीवर ठेवला तर उशीवर पडून राहिला होता. आता तो थोडा किरकिरत, कोपरात वाकून वर गेला, कपाळाजवळ क्षणभर थांबला आणि खाली आला. जोतिरामच्या अंगावर पत्र्याचा पोशाख होता. छाती मोरपिशी, खांदे रिक्षाच्या पिवळ्या रंगाचे आणि कोपरांशी रंगाचे पोपडे सुटलेले.

डॉ. नाझनीन बागवान लिहिता लिहिता थांबल्या. "काका, हे तुम्ही केलंत?"

झटक्यानंतर जोतिरामच्या तोंडून तीनच शब्द निघत. त्यांतला एक त्याने वापरला. "न्हाय."

"पत्र्यानं केलं," त्याची बायको शैलजा म्हणाली. "पण सलामी ह्यांचीच आहे मॅडम. गणपतीत अशीच द्यायचे. कपाळापाशी जरा थांबून, भाव खात."

"आणि हा पोशाख कसला?"

"लोहवीर. आमच्या तालमीचा सुपरहिरो. घरीच बनवलाय. ह्यांनी पत्रा ठोकला, मी रंग मारला."

हे सांगताना तिला किंचित लाज वाटली. पन्नाशी ओलांडलेला नवरा, अंगावर असा पोशाख, आणि बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं दारातून माना वाकवून पाहत होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या दोघांचं गॅरेज होतं. बावीस वर्षं कामाची वाटणी ठरलेली होती. जोतिराम डेंटर आणि शैलजा पेंटर. चेपलेला दरवाजा तो ठोकून सरळ करी, ती घासून, लांबीची पुट्टी भरून, रंग देऊन भट्टीत सुकवी. आठ वर्षांपूर्वी मोटारींना स्मृतिपत्रा लागू लागला आणि जोतिरामच्या हातोड्याला काम उरेना.

काही मिश्रधातूंच्या अणूंना मांडणीचे दोन प्रकार ठाऊक असतात. थंड असताना ते एका मांडणीत असतात, तेव्हा धातू मऊ असतो आणि हवा तसा वाकतो. ऊब मिळाली की अणू मूळच्या मांडणीत परततात आणि त्यांच्याबरोबर सगळा धातू आपल्या पहिल्या आकारात येतो. ही गोष्ट जुनीच होती. चष्म्याच्या काड्यांत आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळ्यांत तिचा वापर कितीतरी वर्षं चालू होता. नवी गोष्ट एवढीच की अशा धातूचा स्वस्त, रुंद पत्रा निघाला. आता गाडी चेपली तर मालक घरीच गरम हवेचा झोत देई आणि खड्डा निघून जाई. फार फाटलेला पत्रा मात्र भंगारात जाई. असा फाटका पत्रा जोतिराम गोळा करून ठेवी. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चार वर्षांपूर्वी तालीम मंडळाने जिवंत देखाव्यासाठी विषय काढला. पंचगंगेच्या पुरात वाहून चाललेली होडी एका हाताने अडवून धरणारा लोहवीर. जोतिरामने आपणहून अंगावर काम घेतलं. दीड महिना खपून त्याने स्वतःच्या मापाचे पत्रे कापले, ठोकले, सांध्यांना रिबिटा मारल्या. शैलजाने उरलेल्या डब्यांतून रंग काढला. गणपती बसायला एक दिवस असल्यामुळे तो भट्टीत न घालता उन्हातच वाळवला. रोज संध्याकाळी तीन तास हात वर धरून उभं राहायचं म्हणजे खांदा भरून येई. म्हणून दुसऱ्या वर्षी त्याने पत्र्याच्या आतून केसासारख्या तारा फिरवल्या आणि कमरेला एक छोटी बॅटरी लावली. तारा तापल्या की पत्रा ताठ होई आणि हात आपोआप वर राही.

त्यातून आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. असा पत्रा नुसता आकार लक्षात ठेवत नाही. एकाच वाटेने तो हजारो वेळा वाकला, तापला, निवला तर तो ती वाटही शिकतो. जोतिरामने त्या पोशाखात सलाम्या दिल्या, चहा प्यायला, मिशीवरून हात फिरवला, मित्रांच्या पाठीवर थापा मारल्या. चार वर्षांत पोशाखाला जोतिराम पाठ झाला.

झटक्यानंतर आठव्या आठवड्यात, तो हसत नाही म्हणून शैलजाने गमतीने पोशाखाची उजवी बाही त्याला चढवली आणि बटण दाबलं. हाताला तिने जरा धक्का दिला, तशी उरलेली हालचाल पत्र्याने पुरी केली. हात वर गेला आणि मिशीवरून फिरला. जोतिराम हसला नाही, रडला.

"हे फार मोलाचं आहे," डॉ. बागवान आता सांगत होत्या. "मेंदूतली जळालेली वाट परत उगवत नाही. शेजारून नवी पाडावी लागते, आणि हात हलला तरच मेंदूला ती पाडायची निकड लागते. त्यात हालचाल त्यांची स्वतःची, जुनी असेल तर मेंदू ती लवकर ओळखतो. पण हे सगळं पहिल्या सहा महिन्यांत जोरात चालतं, पुढं मंदावतं. आपल्याकडं साडेतीन महिने आहेत."

"आणि नाही जमलं तर?"

"मग हात असाच राहील, ताई. खोटं कशाला सांगू?" त्यांनी जोतिरामचं कोपर उलटून पाहिलं. "फक्त हा रंग. पोपडे कातडीत घुसताहेत, खाली गंजही दिसतोय. नीट रंगवून आणा. मग रोज दोन तास घालू."

शैलजाने चार दिवस कोपऱ्या-कोपऱ्याने जुना रंग घासून काढला. बॅटरी, तारा, पट्टे, आतला स्पंज, सगळं वेगळं करून डब्यात भरलं. वाकणाऱ्या पत्र्यावर साधा रंग टिकत नाही, हे चार वर्षांत तिला कळून चुकलं होतं. पावडर कोटिंगच करायला हवं होतं. त्यात विजेचा भार दिलेली रंगाची भुकटी धातूला चिकटते आणि भट्टीत वितळून तिची चिवट साल बनते. मागच्या गल्लीत सर्जेराव मेस्त्रींची तसली भट्टी होती.

"वहिनी, जोतीदा आता रंकाळ्यावरनं उडत जातोय बघा," मेस्त्री पोशाख पाहून म्हणाले.

"आधी संडासापर्यंत चालत जाऊ देत."

"जाईल हो. ह्यो गडी ऐकणारा न्हाय कुणाचं. मारा तुम्हीच रंग, तुमच्यासारखा हात आमच्या पोरांचा न्हाय."

तिने मन लावून रंग मारला. मोरपिशी तोच, पिवळा तोच. छातीवर तालमीची गदा होती, तिच्या कडा तिने नव्याने आखून घेतल्या. पोशाख मानेशी आकड्याला अडकवून तिने भट्टीत सोडला. एकशे ऐंशी अंश, वीस मिनिटं. बाहेर आला तेव्हा तो इतका देखणा दिसत होता की मेस्त्रींच्या कामगारांनी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी तिने तारा बसवून पोशाख जोतिरामला चढवला. आरशात पाहून त्याने डाव्या हाताने छातीवर टिचकी वाजवली. दवाखान्यात डॉ. बागवान यांनी बटण दाबलं.

आधी उजवा खांदा खाली आला. मग डावा, चांगला खांदाही त्याच्यामागोमाग उतरला. मान पुढे झुकली, कोपरं सरळ झाली, मनगटं आत वळली. जोतिराम वाकत वाकत खुर्चीत लोंबू लागला, जणू कुणी त्याला मानेला धरून टांगलं होतं.

"शैले!" तो ओरडला. "शैले!"

तिने बॅटरीची वायर उपटून काढली. ही शरीराची ठेवण कुठली, हे तिने तत्क्षणी ओळखलं होतं. भट्टीतल्या आकड्यावरची होती ती.

एकशे चाळीस अंशांच्या पुढे हा पत्रा शिकलेलं सगळं विसरतो आणि निवताना ज्या आकारात असेल तो आकार धरून बसतो. हे शैलजाला माहीत नव्हतं असं नाही. आठ वर्षं त्यांच्याकडे असे पत्रे येत होते. पण भट्टीत जाऊ नये त्या भागावर जोतिराम खडूने फुली मारून ठेवी आणि बाकीचं ती डोळे मिटून भट्टीत घाली. फुली आहे का, एवढंच तिने आठ वर्षं पाहिलं होतं. त्या दिवशीही रंग मारण्याआधी तिने सवयीने पोशाख चोहोबाजूंनी फिरवून पाहिला होता. फुली नव्हती. ज्याने ती मारायची, तो घरी खुर्चीत बसला होता.

"माझ्या हातानं झालं," ती म्हणाली.

डॉ. बागवान बराच वेळ पोशाखाचं कोपर वाकवून पाहत राहिल्या. "पत्रा खराब झालेला नाही. विसरलाय. परत शिकेल."

"कुणाकडनं? ह्यांचा हात हलत असता तर शिकवायची गरजच काय होती?"

"दुसऱ्या कुणीतरी घालून शिकवायचं. उंचीचा फरक पट्ट्यांनी भागवता येईल, सांध्यांचे कोन महत्त्वाचे. पण ती व्यक्ती काकांसारखी हालचाल करणारी हवी. अगदी त्यांच्यासारखी. एकेक हालचाल दिवसाला तीनशे वेळा." त्यांनी कोपर खाली ठेवलं. "कुणाला येतात त्यांचे हातवारे?"

शैलजाने नवऱ्याकडे पाहिलं. "बावीस वर्षं समोर उभी आहे मी."

दुपारी दोनला ती गॅरेजचं शटर अर्धं ओढी, जोतिरामची खुर्ची दाराशी उजेडात ठेवी आणि स्वतः पोशाखात शिरे. खांद्यांत स्पंज कोंबलेला, दंडाला दोन पट्टे जास्तीचे. पत्रा तापला की हालचाल करायची, पंख्यापुढे निवला की पुन्हा करायची. घामाने सदरा पाठीला चिकटे. पहिले काही दिवस आकड्याची आठवण पत्र्यातून जाईना. जरा विसावलं की पोशाख तिचे खांदे खाली ओढी, आणि दिवसभराच्या कामानंतर तिला त्याचा फारसा प्रतिकार करावासा वाटत नसे.

तिने कप उचलला.

"न्हाय," जोतिराम म्हणाला.

"मग कसा? करंगळी बाहेर काढायचा की तुम्ही."

"न्हाय."

"आता काय चुकलं? अहो, खुणेनं तरी सांगा."

तो डाव्या हाताने कोपर दाखवी. कोपर जास्त उचललं होतं. ती पुन्हा करी. तो डोळे बारीक करून पाही आणि कधीतरी "हां" म्हणे. ठोकलेल्या पत्र्याची धार तपासताना तो असाच डोळे बारीक करी. शेजारचे दुकानदार येऊन बसू लागले. कुणी म्हणे, "जोतीदा, वहिनी तुझ्यापेक्षा भारी जोतीदा करतात." तो तोंड वाकडं करी, पण ते त्याला आवडत असावं.

सलामी, कप, मिशी, पाठीवरची थाप, हातोडा धरणं. महिन्याभरात पोशाखाला एवढं पुन्हा येऊ लागलं. सकाळी जोतिराम तो घालून दवाखान्यात बसे, दुपारी शैलजा घाली. मधल्या वेळात ती गिऱ्हाइकांच्या गाड्या रंगवी, स्वयंपाक करी, त्याला आंघोळ घाली. रंगाच्या गनचा चाप ओढताना तिचं मनगट दुखू लागलं होतं.

एका दुपारी ती थाप शिकवत होती. जोतिराम चौथ्यांदा "न्हाय" म्हणाला आणि तिला एकदम संताप आला. तिचा उजवा हात आपोआप उठला, मनगट झटकन वर झालं, बोटं उघडली आणि तळहाताची मागची बाजू त्याच्या दिशेने उडाली. चल, निघ.

हा हातवारा तिचा नव्हता.

ती तशीच उभी राहिली. पंख्याच्या वाऱ्यात पत्रा निवत होता. गिऱ्हाइकापुढे तिने रंगाबद्दल मत दिलं की हा हात उडे. ताट वाढताना ती काही विचारू लागली की उडे. तिची आई शेवटची येऊन गेली होती तेव्हा आईदेखत उडाला होता. त्याने तिला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही, दारू तर नाहीच. एवढाच एक हात होता, आणि तो कसा उठतो, मनगट किती अंशांत वर येतं, कुठलं बोट आधी उघडतं, हे तिला इतर सगळ्या हातांपेक्षा चांगलं येत होतं. सराव न करता पहिल्याच वेळी बिनचूक जमलेला हा एकटाच हातवारा होता.

खुर्चीतून जोतिरामने "न्हाय" म्हटलं नाही आणि "हां"ही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून ती सावध झाली. पत्रा निवड करत नाही. जे पुन्हा पुन्हा होतं ते राहतं, जे होत नाही ते विरून जातं. आणि मेंदू पोशाखामागून जाणार होता. तो हात तिने पोशाखात पुन्हा एकदाही येऊ दिला नाही. आपण एका माणसाच्या हाडामांसातून काहीतरी गाळतो आहोत, हे तिला कळत होतं. कुणाला विचारावं असं ते नव्हतं. रात्री झोपताना तिला कधी अपराधी वाटे, कधी फक्त झोप येई.

पाचवा महिना संपत आला. पोशाख सगळं बरोबर करी, पण तो काढला की हात पूर्वीसारखाच मांडीवर पडे. डॉ. बागवान आता कमी बोलत. त्या दिवशी त्यांनी जोतिरामला पत्र्याचा हातमोजा सोडून बाकी पोशाख घातला आणि म्हणाल्या, "ताई, कप द्या त्यांना."

शैलजाने कप पुढे केला. "धरा. अहो, असा नव्हे, थोडा पुढं या. पुढं या म्हणते ना. करंगळी..."

जोतिरामच्या कपाळावर आठी पडली. त्याचं उजवं मनगट थरथरलं आणि वर आलं. बोटं उघडली. तळहाताची मागची बाजू तिच्या दिशेने उडाली, कपाला लागली, चहा तिच्या साडीवर सांडला.

"थांबा!" डॉ. बागवान उठून उभ्या राहिल्या. "बटण चालू होतं?"

"नाही," शैलजा म्हणाली.

"आणि ही हालचाल पोशाखाला शिकवलेली?"

"नाही."

"म्हणजे काकांनी केली! स्वतः!" त्यांचा आवाज चिरकला. "ताई, अहो, बोटं मिटणं लवकर येतं, पण मनगट वर येणं आणि बोटं उघडणं शेवटी येतं, कितीकांना येतच नाही. हे जमलं तर कपही जमेल, हातोडाही जमेल. हीच वाट जिवंत आहे, हीच धरायची. उद्यापासून पोशाखाला आधी हेच शिकवा. दिवसाला तीनशे."

शैलजा पदराने साडीवरचा चहा टिपत राहिली. "शिकवते," ती म्हणाली.

दुपारी तिने शटर नेहमीपेक्षा जास्त खाली ओढलं. शेजारच्यांनी येऊ नये असं तिला वाटत होतं. जोतिरामची खुर्ची ठेवून ती पोशाख न घालता त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"हा हात मला ठाऊक होता," ती म्हणाली. "मुद्दाम घातला नाही मी पोशाखात. वाटलं, बाकी सगळं परत येऊ दे, एवढं नको." तिला वाटलं होतं आपण रडू, पण तेवढंही त्राण नव्हतं. "माझ्या आईसमोरसुद्धा केला होता तुम्ही. तुम्हाला आठवत पण नसेल."

जोतिरामचे ओठ हलले. कुठला शब्द हवा होता, ते त्याला सापडत नव्हतं. त्याच्याजवळ होते त्यांतला एक त्याने काढला. "शैले."

"आता शिकवायलाच हवा. डॉक्टर म्हणतात यातच सगळं आहे."

ती उठली, पोशाखात शिरली, पट्टे आवळले. बटण दाबून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पत्रा तापायची वाट पाहू लागली. मनगट वर केलं. एक.

"न्हाय," मागून आवाज आला.

"बरोबर आहे हा. यात तुम्ही मला सांगू नका."

"न्हाय. शैले."

ती वळली. जोतिराम डाव्या हाताने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत होता. तिला आधी उमजलं नाही. त्याने पुन्हा बोट रोखलं, तिच्या उजव्या हाताकडे आणि मग स्वतःकडे. तोंड इकडं कर. माझ्याकडं कर. कोन नीट दिसावा म्हणून की आणखी कशासाठी, हे तो सांगू शकत नव्हता, आणि विचारायची तिच्यात ताकद नव्हती.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. मनगट वर, बोटं उघडी, तळहाताची मागची बाजू त्याच्या दिशेने. जोतिरामने मान खाली घातली नाही.

"हां," तो म्हणाला.

दोन. तीन. पंख्यासमोर निववायचं आणि पुन्हा तापवायचं. पंचविसाव्या वेळेपर्यंत तिच्या हातात राग होता. साठाव्या वेळी खांदा भरून आला. शंभराच्या पुढे ते एक मनगट उरलं, वर जाणारं आणि खाली येणारं. समोर तो बसून होता, प्रत्येक वेळी डोळे मिटू न देता आणि तिने मोजणं चुकवलं की डाव्या हाताच्या बोटांनी आकडा दाखवत.

"एकशे बारा," ती म्हणाली आणि हात पुन्हा उचलला.